लाईट जाते तेव्हा नेमकं काय बिघडतं?

वळवाचे चार थेंब पडले की लाईट जाते. एप्रिलच्या दुपारी जाते, नळाला पाणी आल्यावर मोटार लावायच्या वेळेला जाते, पोरं परीक्षेच्या अभ्यासाला बसली की जाते. ओळखीच्या वायरमनला फोन लावला तर उत्तर ठरलेलं: "वरूनच गेलीय." वरून म्हणजे कुठून, हे तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. ते विचारायला हवं. लाईट कुठल्या टप्प्यावर गेली हे ज्याला कळतं, त्याला ती कधी येईल याचा अंदाज बांधता येतो, आणि ती पुन्हा पुन्हा का जाते याचा जाब योग्य माणसाला विचारता येतो.

आधी एक जुना समज बाजूला ठेवू. राज्यात वीज कमी पडते म्हणून लाईट जाते, हे पंधरा-वीस वर्षांपूर्वी खरं होतं. २००५ ते २०१२ या काळात महाराष्ट्रात मागणी आणि पुरवठा यांचा मेळच बसत नव्हता. खेड्यापाड्यांत बारा-बारा तास भारनियमन चालायचं. विजेचा एक स्वभाव असा की ती मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणं सोपं नसतं. ज्या क्षणी कुणीतरी पंख्याचं बटण दाबतं, त्याच क्षणी कुठल्या तरी केंद्रात तेवढी वीज तयार व्हावी लागते. मागणी जास्त झाली की जनित्रं किंचित मंदावतात आणि विजेची वारंवारता ५० हर्ट्झच्या खाली सरकते. ती ४९.९० ते ५०.०५ च्या दरम्यान राहावी असा देशाच्या ग्रिडचा, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या वीजजाळ्याचा, नियम आहे. फारच घसरली तर काही भागांचा पुरवठा तोडून बाकीचं ग्रिड वाचवावं लागतं. वेळेवर तोडलं नाही तर काय होतं ते देशाने २०१२ मध्ये पाहिलं. ३० जुलैला उत्तर भारताचं ग्रिड कोसळलं, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन ग्रिड एकदम. आपलं पश्चिम ग्रिड त्यातून वाचलं.

त्यानंतर चित्र बदललं. नवी वीजकेंद्रं उभी राहिली, सौर आणि पवन वीज वाढली, आणि ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर ही ७६५ केव्हीची (एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) वाहिनी सुरू होऊन दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. आज कमी पडली तर वीज दुसऱ्या राज्यातून विकत घेता येते. तुटवडा कायमचा संपला असं मात्र नाही. एप्रिल २०२२ मध्ये कोळसा कमी पडला आणि उष्णतेची लाट आली, तेव्हा भारनियमन परत आलं. पण भारनियमनाची एक खूण असते. ते वेळापत्रक लावून होतं, लाईट ठरलेल्या वेळी जाते आणि ठरलेल्या वेळी येते. कुठे आधी करायचं हेही ठरलेलं असतं. ज्या फीडरवर, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाईनवर, वीजगळती आणि थकबाकी जास्त, तो खालच्या गटात आणि कात्री आधी त्याच्यावर. शेतीच्या फीडरला आठ तासच वीज मिळते, तो तर धोरणाचाच भाग आहे. पाऊस सुरू झाल्याबरोबर गेलेली, रात्री साडेनऊला गेलेली, येऊन पुन्हा दहा मिनिटांत गेलेली लाईट यांपैकी कशातच बसत नाही. तिचं कारण तुमच्या घरापासून काही किलोमीटरच्या आत असतं.

वीज आपल्यापर्यंत कशी येते ते बघू. चंद्रपूर, कोराडी, कोयना अशा केंद्रांत ती तयार होते. तिथून ४०० आणि २२० केव्हीच्या उंच मनोऱ्यांवरून ती महापारेषणच्या मोठ्या उपकेंद्रात येते. पुढे ३३ केव्हीच्या लाईनने तुमच्या भागातल्या छोट्या उपकेंद्रात, ज्याला गावात सबस्टेशन म्हणतात. सबस्टेशनमधून ११ केव्हीच्या चार-सहा लाईनी वेगवेगळ्या दिशांना निघतात. ही प्रत्येक लाईन म्हणजे एक फीडर. शहरांत काही ठिकाणी फीडर २२ केव्हीचे असतात. फीडरवर जागोजागी डीपी, म्हणजे रोहित्र, बसवलेली असते. ती ११ हजार व्होल्टचे साधारण ४४० करते, आणि तिथून खांबाखांबाने वीज आपल्या मीटरपर्यंत येते. तोंडात अजून 'एमएसईबी' असली तरी ६ जून २००५ ला मंडळाचं विभाजन झालं. निर्मिती महानिर्मितीकडे, मनोरे महापारेषणकडे आणि खालचं सगळं जाळं महावितरणकडे गेलं. रोजच्या त्रासाचा फार मोठा वाटा या शेवटच्या दोन टप्प्यांत आहे: फीडर आणि डीपी.

फीडर

गावाकडचा फीडर एसटीच्या एकाच रस्त्यासारखा असतो. वाटेत झाड आडवं पडलं की पुढची सगळी गावं अडकतात. एक लाईन सबस्टेशनमधून निघते आणि शेतं, ओढे, वस्त्या ओलांडत कित्येक किलोमीटर जाते. तिच्या तारा उघड्या असतात. खांबावर त्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर टेकलेल्या असतात, म्हणजे वीज खांबात आणि खांबातून जमिनीत उतरू नये. उन्हाळाभर हे इन्सुलेटर उन्हात तापतात आणि त्यांच्यावर धुळीचा थर बसतो. वळवाचं गार पाणी तापलेल्या चिनीमातीवर पडलं की कुठेतरी एखादा तडकतो. धूळ ओली झाली की तिच्यातूनही वीज वाट काढते. फांदी तारेला टेकते, वाऱ्याने झोला पडलेल्या दोन तारा एकमेकींना लागतात, एखादा जंपर, म्हणजे खांबावर दोन तारा जोडणारा तुकडा, तुटतो. यातलं एक जरी झालं तरी सबस्टेशनमधल्या रिलेला, म्हणजे दोष ओळखणाऱ्या उपकरणाला, ते लगेच कळतं आणि ब्रेकर, म्हणजे आपोआप उडणारा मोठा स्विच, क्षणार्धात फीडर बंद करतो. यालाच फीडर ट्रिप होणं म्हणतात.

ट्रिप होणं हा बिघाड नाही, ते संरक्षण आहे. तार तुटून बांधावर पडली आणि फीडर चालूच राहिला, तर तिच्यावर पाय पडणारा माणूस किंवा बैल वाचत नाही. दर पावसाळ्यात अशा बातम्या येतात. काही वेळा कोरड्या जमिनीवर पडलेली तार रिलेला जाणवण्याइतका प्रवाह ओढत नाही आणि ब्रेकर उडतच नाही. म्हणून पडलेल्या तारेत वीज नसेल असं कधीही गृहीत धरू नये, मग गावात लाईट असो वा नसो.

लाईट जाते, दोन मिनिटांनी येते आणि धाडकन परत जाते, हा अनुभव सगळ्यांचा आहे. सबस्टेशनमधला ऑपरेटर तेव्हा फीडर पुन्हा चालू करून बघत असतो. फांदी क्षणभर लागून सुटली असेल तर लाईट टिकते. दोष कायमचा असेल तर ब्रेकर परत उडतो, आणि मग शोध सुरू होतो. हा शोधच सगळ्यात वेळखाऊ. तडकलेला इन्सुलेटर खालून दिसतोच असं नाही. रात्री, चिखलात, बॅटरीच्या उजेडात दोन-तीन माणसं खांब न् खांब बघत चालत जातात. जागोजागी एबी स्विच, म्हणजे फीडरचा एक तुकडा वेगळा तोडता येणारे खांबावरचे स्विच, असतील आणि ते नीट चालत असतील तर काम सोपं होतं. अर्धा फीडर तोडायचा, उरलेला चालू करून बघायचा, दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते ठरवायचं आणि तसंच पुढे जायचं. निम्म्या गावांना तासाभरात लाईट परत मिळते. पण हे स्विच गंजलेले, अडकलेले किंवा कायमचे बांधून टाकलेले असतील तर एका खांबासाठी सगळा फीडर अंधारात राहतो. माझ्या मते गावच्या वीजपुरवठ्याची खरी परीक्षा एबी स्विच चालतो की नाही हीच आहे. तिथली देखभाल टाळली की पाच मिनिटांचा दोष पाच तासांचा होतो.

मुंबई शहरात लाईट क्वचितच का जाते, याचं उत्तरही यातच आहे. तिथे केबल जमिनीखाली आहेत, आणि एक वाट बंद झाली तर दुसरीकडून वीज फिरवता येते. तरीही १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईला येणाऱ्या मोठ्या वाहिन्या एकापाठोपाठ बंद पडल्या आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. भूमिगत केबल हे सगळ्यांवरचं औषध नव्हे. तिच्यात दोष आला तर तो शोधायला यंत्र लावावं लागतं आणि रस्ता खोदावा लागतो, म्हणून दुरुस्तीला जास्त वेळ जातो. पण कोकणात तिचं मोल वेगळं आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड, दापोली, मंडणगड भागात खांबच्या खांब आडवे झाले आणि कित्येक वाड्यांना अनेक आठवडे अंधारात काढावे लागले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं.

डीपी

फीडर चालू आहे, शेजारच्या आळीत लाईट आहे, आपल्याकडे नाही. मग दोष डीपीवर. गावात 'डीपी जळाली' हे वाक्य उच्चारलं की सगळ्यांचे चेहरे पडतात, कारण हा घोळ तासांचा नसतो, दिवसांचा असतो.

डीपी का जळते? साधा हिशेब करू. गावात १०० केव्हीए क्षमतेची डीपी सर्रास दिसते. ती प्रत्येक फेजवर, म्हणजे तिच्यातून निघणाऱ्या तीन वीजतारांपैकी प्रत्येकीवर, साधारण १३५ अँपिअर पेलू शकते. पाच एचपीचा पंप चालू असताना प्रत्येक फेजवर सात-आठ अँपिअर ओढतो. म्हणजे सतरा-अठरा पंप झाले की डीपी भरली. प्रत्यक्षात तिच्यावर मंजूर पंपच तेवढे असतात, काही आकडे टाकलेले असतात, आणि मागणीपत्रात तीन एचपी लिहून विहिरीवर पाचची मोटार बसवलेली असते. प्रवाह दीडपट झाला की उष्णता दीडपट होत नाही, ती सव्वादोनपट होते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाने वाढते. डीपीच्या आत तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या तारेवर कागदाचं वेष्टन असतं आणि सगळं तेलात बुडालेलं असतं. तेल उष्णता बाहेर नेतं. तेल गळलं असेल, कमी असेल किंवा चोरीला गेलं असेल तर आतला कागद करपतो आणि एक दिवस वेढे एकमेकांना चिकटून डीपी बसते.

भार वाढला की व्होल्टेज पडतं. व्होल्टेज पडलं की मोटार तेवढंच काम करायला जास्त प्रवाह ओढते. जास्त प्रवाहाने व्होल्टेज आणखी पडतं. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याची मोटार हूं-हूं करत राहते आणि जळते, आणि रिवाइंडिंगचा खर्च त्याच्या माथी. इथे कॅपॅसिटर खरोखर उपयोगी पडतो. मोटारीला चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारा प्रवाह तो जागेवरच पुरवतो, त्यामुळे लाईनवरचा भार कमी होतो. पण एकट्याने बसवून फारसा फरक दिसत नाही. डीपीवरच्या सगळ्यांनी बसवले तर व्होल्टेज सुधारलेलं दिसतं.

ऑटोस्विचचंही असंच. रात्री-अपरात्री लाईट आली की मोटार आपोआप चालू व्हावी म्हणून शेतकरी तो लावतो, आणि त्याला दोष कसा देणार? थंडीत, बिबट्याच्या भीतीत, विंचू-सापाच्या अंधारात रात्री दोनला कुणी विहिरीवर का जावं? पण सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह घेते, आणि पंधरा मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या तर फ्यूज उडतो किंवा फीडरच ट्रिप होतो. लोकांना वाटतं, लाईट आली आणि टिकलीच नाही. यावर खरा उपाय म्हणजे शेतीला दिवसा वीज. २०१७ मध्ये राळेगणसिद्धीपासून सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना याच विचाराने आली: सबस्टेशनच्या जवळच सौर प्रकल्प उभारायचा आणि त्या वीजेवर शेतीचा फीडर दिवसा चालवायचा. जिथे प्रकल्प खरोखर उभे राहिले तिथे रात्रीच्या फेऱ्या वाचतात. तो वेग वाढायला हवा.

फ्यूजबद्दल जरा रागाने लिहितो. फ्यूजची तार बारीक असते ती मुद्दाम. भार जास्त झाला की तिने वितळायचं आणि डीपी वाचवायची. सारखी जाते म्हणून तिच्या जागी जाड तार गुंडाळली की लाईट टिकते आणि डीपी मरते. हे गावातलं कुणीही करतं, कधी वायरमनच करतो, कारण त्याच्याकडे योग्य मापाची तार नसते. काही रुपयांची तार वाचते आणि लाखांच्या घरातली डीपी जाते. वर एक गोष्ट: डीपीत हात घालायला गेलेली गावची पोरं दरवर्षी मरतात. त्या पेटीला हात लावायचा अधिकार आणि जबाबदारी, दोन्ही कंपनीची आहे.

जळालेली डीपी बदलण्याची जबाबदारीही कंपनीचीच. वीज नियामक आयोगाच्या कृती मानकांनुसार ग्रामीण भागात त्यासाठी ४८ तासांची मुदत आहे. प्रत्यक्षात अनेक गावांत शेतकरी वर्गणी काढतात, स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन जळालेली डीपी तालुक्याला नेतात आणि दुसरी घेऊन येतात. शिवाय 'डीपीवरच्या सगळ्यांनी थकबाकी भरा, मग बघू' असंही ऐकायला मिळतं. ज्याने बिल वेळेवर भरलं त्यालाही शेजाऱ्याच्या थकबाकीची शिक्षा मिळते. हे अन्यायाचं आहे, आणि ते तसं लेखी सांगायला हवं.

शहरात आणि घरगुती कनेक्शनवर डीपीचा आणखी एक दोष येतो, तो जास्त धोक्याचा. डीपीतून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतात. आपल्या घरात एक फेज आणि न्यूट्रल येतात, त्यांच्यात २३० व्होल्ट असतात. न्यूट्रलची तार तुटली किंवा सैल झाली तर दोन फेजमधले ४०० हून अधिक व्होल्ट घरांमध्ये वाटेल तसे विभागले जातात. एका घरात दिवे मंदावतात, दुसऱ्या घरात ते एकदम लख्ख होतात आणि टीव्ही, फ्रिज, सेट-टॉप बॉक्स जळतात. दिवा अचानक नेहमीपेक्षा प्रखर झाला तर कारण शोधत बसू नका, धावत जाऊन मेन स्विच बंद करा.

दोष कुठे आहे ते घरबसल्या ओळखायचं

लाईट गेली की दारात येऊन बघायचं. शेजाऱ्याकडे आहे, आपल्याकडे नाही: दोष आपल्या घरात किंवा खांबावरून येणाऱ्या आपल्या वायरीत. आळीत एकाआड एक घरांत आहे: एक फेज गेला, बहुधा डीपीवरचा फ्यूज. सगळी आळी बंद, पण पलीकडची चालू: डीपी. सगळं गाव आणि त्या रस्त्यावरची पुढची गावं बंद: फीडर. तालुक्याचं ठिकाणच बंद: सबस्टेशन किंवा त्याच्याही वर. फोन करताना 'लाईट नाहीये' एवढंच म्हणण्यापेक्षा 'आमच्या डीपीवरचा एक फेज नाही' असं सांगितलं तर माणूस योग्य साहित्य घेऊन येतो. ही माहिती त्यालाही हवी असते. एकेका वायरमनकडे, ज्याला आता जनमित्र म्हणतात, अनेक गावं असतात. कित्येक पदं रिकामी आहेत, आणि भर पावसात खांबावर चढणाऱ्यांत कंत्राटी कामगार मोठ्या संख्येने आहेत. आपला राग त्यांच्यावर निघतो, पण साहित्य आणि माणसं द्यायची की नाहीत हे ते ठरवत नाहीत.

मग कागदावर सगळं ठीक कसं दिसतं? पुरवठा किती विश्वासार्ह आहे हे मोजायला दोन निर्देशांक वापरतात, सैफी आणि सैडी. एका ग्राहकाची लाईट सरासरी किती वेळा गेली हे पहिला सांगतो, एकूण किती वेळ गेली हे दुसरा. अडचण अशी की ही मोजणी मुख्यतः सबस्टेशनमधल्या फीडरच्या नोंदीवरून होते. फीडर चालू असेल आणि तुमची डीपी तीन दिवस जळून पडली असेल, तर फीडरच्या नोंदीत ते तीन दिवस दिसतच नाहीत. एक फेज गेलेला, व्होल्टेज १५० वर आलेलं, हेही त्यात येत नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या वितरण सुधारणा योजनेत डीपीवरही मीटर बसवायचे आहेत. स्मार्ट मीटरवरून बिलाची भांडणं चालू आहेत आणि ती व्हायलाच हवीत. पण डीपीवरचा मीटर हा ग्राहकाचा साक्षीदार आहे, त्याची मागणी आपण स्वतःहून करायला हवी.

कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे, फक्त तो वापरला जात नाही. ३१ डिसेंबर २०२० ला केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम लागू केले. त्यांत चोवीस तास पुरवठा हा ग्राहकाचा हक्क मानला आहे, शेतीसारख्या काही वर्गांचे तास कमी ठरवण्याची मुभा आयोगाला आहे, आणि ठरलेली मानकं पाळली नाहीत तर भरपाईची तरतूद आहे. राज्याच्या आयोगाने २०२१ मध्ये पुरवठा संहिता आणि कृती मानकांचे विनियम काढले. या सगळ्याचा पाया एकच: तक्रार नोंदलेली असली पाहिजे. वायरमनच्या मोबाइलवर केलेल्या फोनची कुठेही नोंद नसते. त्याला जरूर फोन करा, पण १९१२ वरही तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. दर वेळी. वीस घरांनी वीस क्रमांक घेतले तर त्या डीपीचा इतिहास कागदावर येतो.

तरीही सुधारणा नसेल तर उपविभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यापुढे ग्राहक गाऱ्हाणी निवारण मंच आहे, तिथे वकील लागत नाही. मंचाचा निर्णय पटला नाही तर मुंबई आणि नागपूरला विद्युत लोकपाल आहेत. गोव्यात वितरण सरकारच्या वीज खात्याकडे आहे आणि नियामक आयोग वेगळा, पण मार्ग याच धर्तीचा.

अर्जात 'सतत लाईट जाते, योग्य ती कार्यवाही व्हावी' असं लिहिलं तर उत्तरही तसंच मोघम येतं. फीडरचं नाव आणि डीपीचा क्रमांक लिहा, तो डीपीवर रंगवलेला असतो. गेल्या वर्षभरात ही डीपी किती वेळा बदलली, तिची क्षमता किती आणि तिच्यावर मंजूर भार किती, फीडरवरचे किती एबी स्विच चालू स्थितीत आहेत, पावसाळ्यापूर्वी झाडं कधी तोडली, हे विचारा. माहिती अधिकारातही हे प्रश्न विचारता येतात. डीपीवर भार जास्त असल्याचा संशय असेल तर टाँगटेस्टर (तारेभोवती चिमट्यासारखं लावून प्रवाह मोजायचं यंत्र) लावून तिन्ही फेजचा प्रवाह मोजण्याची मागणी करा. आणि ती मोजणी सकाळी अकराला नको, संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान करायला लावा. शेतीची डीपी असेल तर तिचा पुरवठा सुरू झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात, डीपीवरच्या चार ग्राहकांसमोर, आकडे लिहून आणि सही घेऊन.